साफ घसा

पोराला ताप भरला की सासूबाईंचं बोट थेट तिच्याकडे. "आई घरात होती तोवर साधं शिंकलं नाही लेकरू. ही कामावर गेली नि याचं सुरू झालं!" आणि दिवसांचा हिशोबही मेला त्यांच्याच बाजूचा. पहिले सहा महिने बाळ ठणठणीत. ती शिवणकारखान्यात परतली, आणि मग कान फुटला, मग छाती भरली, पुन्हा छाती. नवराही एकदा पुटपुटला होता, "सोडतेस का नोकरी?"

नेहमीचे डॉक्टर बॅटरी मारून म्हणायचे, "घसा बघा कसा लख्ख आहे! तुम्ही आया उगाच घाबरता."

या खेपेला बाळ श्वासासाठी धडपडायला लागलं, तशी ती त्याला उचलून मोठ्या इस्पितळात आली; मागोमाग नवरा नि सासूबाईही. "मुळाशी काय आहे ते कळल्याशिवाय मी हलायची नाही," म्हणाली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाची जीभ दाबली नि त्या थबकल्या. "याचे टॉन्सिल कुठायत?"

"घसा साफ आहे ना?"

"इतका साफ नसतो, ताई."

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर बाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. "जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं रक्तातल्या बी-पेशींत तयार होतात. त्या घडताना त्यांच्यावर एक रिसेप्टर येतो, दारावरच्या बेलसारखा. याच्यात बेल आहे, आतली तार तुटलीय. 'वाढा' हा निरोप पोचतच नाही. पेशी अर्ध्यातच मरतात. टॉन्सिलही याच पेशींनी भरतात, म्हणून ते नाहीत; मग प्रतिपिंडं तरी कुठून येणार?"

"मग ते सहा महिने?"

"तेव्हाची प्रतिपिंडं तुमची होती. पोटात असताना तुम्ही दिलेली. ती सरली नि हा उघडा पडला. तुमच्या नोकरीचा काही संबंध नाही."

तिची कानशिलं तापली. इतके महिने खाली मान घालून ऐकलं!

सासूबाईंनी विचारलं, "पण हे आलं कुठून?"

"बहुतेकदा आईकडून येतं."

"बघा! म्हणत नव्हते मी?"

"आई, पुरे!" ती ताडकन उठली. "आलं असेल माझ्याकडून. डोळेही माझ्याकडूनच आलेत, त्याची कुणी तक्रार केली नाही. सहा महिने त्याला कुणी जपलं, तेही आत्ता ऐकलंत ना? तेही बोला की. एवढ्याच मोठ्यानं!"

सासूबाईंनी पदर सारखा केला.

नर्स प्रतिपिंडांची बाटली टांगू लागली. बाळाच्या आईनं त्याचा इवला हात आपल्या ओंजळीत धरला आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "हे दर महिन्याला द्यायचंय. पुढची रजा तू टाकायचीस."