सिदूचं ‘व्हय’

कोंडाबाई वाचनालयात पहिल्यांदाच आली तेव्हा मी वर्तमानपत्रांच्या घड्या घालत बसलो होतो. चपला बाहेर काढून ती दारातच उभी राहिली.

“तात्या, तुमच्याकडं कायद्याचं पुस्तक हाय म्हणत्यात.”

“आहे एक. पण मी काही वकील नाही.”

“वकील तुळजापूरला गेलाय. तुमीच चला.”

तिच्या नवऱ्याला, सिदूला, पोलिसांनी सकाळी ठाण्यात नेलं होतं. खाजाभाईच्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती आणि ती आपण नेल्याचं सिदूनं कबूल केलं होतं. आज त्याला अटक करून धाराशिवच्या कोर्टात पाठवणार होते. इकडं मेंढ्या व्यायला झालेल्या, आणि रानात कोंडाबाई एकटी.

“खरंच नेली का गं त्यानं?” मी विचारलं.

“ती मोटार उचलायला चार गडी लागत्यात. ह्याची मेंढरू उचलताना कंबर धरती.”

आम्ही काळीपिवळीत बसलो. वाटेत मी पुस्तक दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. आयुष्यभर वाचत आलो, पण वाचलेलं एखादं वाक्य कुणाला ठासून ऐकवायची वेळ कधी आली नव्हती. आली असती तर मी ती टाळली असती.

ठाण्यात फौजदार दैवशाला मॅडम टेबलामागं बसल्या होत्या. शेजारी हवालदार सिद्धाराम खुशीत उभे होते. बाकावर खाजाभाई होते, आणि भिंतीला टेकून, हातात चहाचा रिकामा ग्लास धरून, सिदू उकिडवा बसला होता. मला बघून तो हसला. कोंडाबाई दारापाशी थांबली.

“मॅडम,” मी म्हणालो, “कलम एकेचाळीस-अ प्रमाणे आधी नोटीस...”

“ते आता पस्तीस झालं, काका.”

“मग पन्नास-अ, घरच्यांना कळवायचं...”

“अठ्ठेचाळीस. कायदे बदलले. पुस्तक कधीचं आहे?”

मी पुस्तक पिशवीत घातलं.

“कशासाठी आणलं ते त्याला सांगितलंय, बायकोला कळवलंय, वकील आला तर भेटू देणार आहे,” त्या म्हणाल्या. “यातलं आम्ही काही चुकवलं नाही.”

आता माझ्याकडं एकच गोष्ट उरली होती. तीही बदलली असणार असं धरूनच मी विचारलं, “संविधानातलं वीस-तीन? आरोपीनं स्वतःच्याच विरोधात बोलावं अशी सक्ती करता येत नाही, ते?”

“ते आहे तिथंच आहे,” मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. “बसा.”

मला इतकं बरं वाटलं की पुढं काय बोलायचं तेच विसरलो.

“सक्ती कुणी केली?” सिद्धाराम मध्ये पडले. “मॅडम, एक बोट लावलं न्हाय. चहा पाजला, गोड बोललो. सगळं मोबाइलमध्ये हाय.”

“पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे मलाही कळतं,” मॅडम मला म्हणाल्या. “पण माणूस आपल्या तोंडानं हो म्हणतोय. मग मी दुसरीकडं कुठं शोधू?”

“ते... ऐकायला मिळेल का? पहिल्यापासून?”

मॅडमनी मान हलवली. सिद्धारामांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

“सिदू, खाजाभाईची विहीर तुला म्हाईत हाय?”

“व्हय साहेब.”

“मोटार तूच नेलीस ना?”

“व्हय साहेब.”

सिद्धारामांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. मोबाइल चालूच होता.

“अंधारात नेलीस?”

“व्हय साहेब.”

“का उजेडात?”

“व्हय.”

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

“आता नीट ऐक. तुझ्या संगट दुसरं...”

“व्हय.”

“...कोण हुतं?”

“व्हय साहेब.”

मग दुसऱ्या कुठल्या तरी फोनची रिंग ऐकू आली, आणि सिद्धारामांचा आवाज एकदम मऊ झाला. “हां, बोल की. बाजारातच जाणार हाय. मेथी आणू का शेपू?”

“व्हय साहेब,” मोबाइलमधला सिदू म्हणाला.

बाकावरचे खाजाभाई तोंडावर रुमाल धरून हलायला लागले. बाहेर पहाऱ्यावरचा शिपाई दारातून डोकावला. मॅडमनी बराच वेळ कपाळावर हात ठेवून खाली बघितलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

“शेवटी काय नेलं हो?” त्यांनी विचारलं.

“शेपू,” सिद्धाराम म्हणाले. “ते बंद करू का, मॅडम?”

खाजाभाईंनी डोळे पुसले. “या अल्ला. मॅडम, मी याला रानात विचारलं, मोटारीचं तुला काय म्हाईत हाय का? तर व्हय म्हणला. तेवढ्यावर तर मी इथं आलो.”

“आवो, तो समद्यास्नी व्हयच म्हणतो,” कोंडाबाई दारातून बोलली. “व्हय म्हणलं की मोठी माणसं लवकर गप बसत्यात. लगीन झाल्यापासून मलाबी त्येच चाललंय.”

मॅडमनी खुर्ची टेबलामागून काढली आणि सिदूच्या समोर ठेवली.

“सिदू, मोटार गेली तो बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी तू काय काय केलंस ते तू सांग. मी मध्ये बोलणार नाही.”

“व्हय,” सिदू म्हणाला.

मॅडम बोलल्या नाहीत. कुणीच बोललं नाही. सिदूनं आणखी एकदा व्हय म्हणून बघितलं. तरी समोरून प्रश्न येईना, तेव्हा तो घाबरला. ग्लास खाली ठेवला, परत उचलला. शेवटी त्यानं घसा साफ केला.

“बाजारादिवशी आमी गावात नव्हतो. मेंढरं येडशीकडं नेली हुती. सकाळी ठेसनाजवळनं गेलो, मुक्कामबी तिकडंच पडला. हिकडं चारा न्हाय, म्हणून म्या मेंढरं रामलिंगाच्या जंगलात...”

“सिदू!” मी उठून उभा राहिलो होतो. तिथलं अभयारण्य, आत मेंढ्या न्यायला बंदी. “सगळंच सांगायला पाहिजे असं नाही. वीस-तीन.”

माझा आवाज एवढा चढू शकतो हे मलाही माहीत नव्हतं. मी गडबडीनं खाली बसलो.

“जंगल माझ्या खात्यात येत नाही, काका,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “आणि आत का बाहेर, हे मी त्याला विचारलेलं नाही.”

“तो खरं बोलतोय,” खाजाभाई म्हणाले. “माझा मेहुणा येडशीलाच राहतो. त्या दिवशी स्टेशनाजवळ याच्या मेंढ्यांनी त्याची गाडी अडवली. रात्री फोनवर मला सांगत होता आणि शिव्या देत होता. पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही बघा.”

“त्या मेहुण्याशी माझं बोलणं करून द्या,” मॅडम म्हणाल्या. खाजाभाईंनी फोन लावून दिला. मेहुण्यानं तारीख बरोबर सांगितली, आणि राहिलेल्या शिव्याही सांगितल्या.

“अरे, हे सकाळीच का नाही सांगितलंस?” मॅडमनी सिदूला विचारलं.

“इचारलं न्हाय कुणी,” सिदू म्हणाला.

सिद्धारामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मॅडम त्यांना रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “प्रश्नात उत्तर घालून द्यायचं नाही, हवालदार. चहा दिलात ते चांगलं केलं.” मग सिदूकडं वळल्या. “जा घरी. काही लागलं तर मीच रानात येईन विचारायला.”

“व्हय,” सिदू म्हणाला, आणि या खेपेला सगळे हसले. सिद्धारामसुद्धा.

आम्ही बाहेर आलो. खाजाभाईंची जीप लिंबाखाली उभी होती. आम्ही तिघं काळीपिवळीच्या थांब्याकडं निघालो तसे ते मागून आले आणि वाट अडवून उभे राहिले. एवढा मोठा बागायतदार माणूस, पण हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं.

“सिदू, तू वर्षानुवर्षं खतासाठी माझ्या रानात मेंढ्या बसवतोस. तरी मी तुझं नाव दिलं. माझ्यावर राग हाय का?”

सिदूनं तोंड उघडलं. काय येणार ते आम्हाला माहीतच होतं. पण त्यानं ते मिटलं. लिंबाकडं बघितलं, मग जीपकडं, मग खाजाभाईंकडं. खाजाभाई थांबून राहिले.

“हाय,” सिदू म्हणाला. “थोडा.”

“थोडा न्हाय, लई हाय,” कोंडाबाई म्हणाली. “सांग की नीट.”

“लई हाय,” सिदू म्हणाला आणि स्वतःच दचकला.

खाजाभाईंनी त्याला मिठीच मारली. “घरी चल. माझ्या बायकोनं, बिबीजाननं, सकाळपासून दोनदा ऐकवलंय, तो मानूस चोर न्हाय म्हणून. तिच्यासमोर बसून राग काढ, मी ऐकून घेतो. जेवूनच जायचं, आणि मग मीच रानात सोडतो.”

“जेवायला येळ न्हाय. मेंढ्या हायत,” सिदू म्हणाला.

या खेपेला त्यानं चक्क नाही म्हटलं होतं. कोंडाबाई त्याच्याकडं अशी बघत राहिली, जसं काही हा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला होता. मग पदर खोचून ती जीपमध्ये चढली.

“भाकरी बांधून द्यायला सांगा भाबीला,” ती खाजाभाईंना म्हणाली. “आन् तात्यांसाठीबी. ते वरडले म्हणून भूक लागली आसंल त्यास्नी.”

खरंच लागली होती.