पापडांच्या पंगतीत बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी विजेरी आहे, ठेंगणी आणि वजनाने भारी. साध्या विजेरीत सेल घालतात आणि संपले की फेकून देतात. माझे तसे नाही. माझ्या पोटात एक काळी चौकोनी बॅटरी आहे आणि ती विजेवर पुन्हा पुन्हा भरता येते. मला पेटवले की केळीच्या बागेच्या दुसऱ्या टोकाचे पान दिसे. थोडी फुशारकी मारते आहे, पण एवढी सोसा.

एका छोट्या कारखान्यात माझा पत्रा ठोकला गेला, हिरवा रंग लागला आणि मी शिरपूरच्या बाजारात सुरेशचंद शेठजींच्या दुकानात आले. तिथे तापीकाठच्या मगनभाऊंनी मला पसंत केले. शेठजींनी त्यांना नीट समजावले, “मगनभाऊ, हिला पार विझेपर्यंत वापरू नका. उजेड पिवळा पडला की चार्जरला लावा. हिचाच चार्जर, दुसऱ्या कसल्या तारेला जोडू नका. आणि उन्हात ठेवू नका.”

मगनभाऊंनी मान डोलावली आणि घरी येऊन कोणालाही काही सांगितले नाही. ते दिवसभर शेतात. मला काढणे, पुसणे, चार्जरला लावणे हे सारे त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई करत. म्हणजे सूचना एकाच्या कानात आणि मी दुसऱ्याच्या हातात, असा आमचा संसार सुरू झाला.

सुरुवातीची वर्षे फार सुखाची गेली. गल्लीत कोणाची गाय व्यायला आली की मला बोलावणे येई. बांधावर साप निघाला की आधी मला हाक येई. कौतुक कोणाला आवडत नाही? मला तर फारच आवडे.

मग एका वर्षी वैशाखात वीज फार जाऊ लागली. चार्जरचा लाल दिवा दिवसदिवस लागेना. मी मंद झाले. आमच्याकडे सेल मंद झाले की घरोघर ते उन्हात ठेवतात आणि ते थोडे चालतातही. प्रमिलाबाईंनीही तेच केले. माझ्या पोटातली बॅटरी काढली आणि पत्र्याच्या छपरावर, पापड-कुरडयांच्या शेजारी नेऊन ठेवली. म्हणाल्या, “संध्याकायलोंग भरी जाई.”

संध्याकाळी मी खरेच थोडा वेळ चांगली पेटले. दिवसभर न पेटता पडून राहिल्याने आलेला तो नुसता विसाव्याचा जोर होता, पण त्यांना वाटले ऊनच आत भरले. मग रोज तोच क्रम सुरू झाला. खानदेशातला पत्रा वैशाखात कसा तापतो ते तुम्हाला माहीत आहे. पापड कडक झाले आणि माझी बॅटरी फुगली. मला बोलता येत असते तर मी ओरडले असते.

त्याच दिवसांत विहिरीतल्या पाइपाची जाळी गाळाने तुंबली. पाणी बंद झाले आणि केळीची पाने करपू लागली. मगनभाऊंचा धाकटा भाऊ हिलाल मला खांद्याला अडकवून विहिरीत उतरला. विहीर खोल, वर मोटारीसाठी फरशा टाकलेल्या, त्यामुळे दिवसाही आत अंधार. उतरायला भिंतीत लोखंडी कड्या होत्या. काही गंजून सैल झाल्या होत्या, म्हणून बघूनच पाय ठेवावा लागे.

हिलालने जाळी मोकळी केली आणि तो वर चढू लागला. अर्ध्यावर आल्यावर मी लुकलुकले आणि विझले. त्याने माझे बटण दाबून पाहिले. माझ्यात काही उरले नव्हते. ओले हात, खाली काळे पाणी, आणि पुढची कडी धड की सैल ते कळायला मार्ग नाही. त्याच्या छातीची धडधड मला पत्र्यातून जाणवत होती. मला फार भीती वाटली, मित्रांनो.

“वहिनी, उजेड गया,” तो म्हणाला.

भाकरी घेऊन आलेल्या प्रमिलाबाई काठावर वाकल्या. “हालू नका, भाऊ. तठेच थांबा.”

त्या धावत शेतातल्या झोपडीत गेल्या आणि मगनभाऊंचा दाढीचा आरसा घेऊन आल्या. माहेरी विहिरीत भांडे पडले की बाया आरशानेच उजेड पाडून ते शोधत. दुपार कलली होती. त्यांनी आरसा उन्हात धरला, थोडा फिरवला, आणि लख्ख उजेड भिंतीवरून सरकत हिलालच्या पायाशी आला. वरची कडी एका बाजूने सुटलेली दिसली. ती सोडून त्याने पुढची धरली. ज्या उन्हाने मला मारले होते, त्याचेच बोट धरून आम्ही दोघे वर आलो.

दुसऱ्या दिवशी दोघे नवराबायको मला घेऊन शेठजींकडे गेले. शेठजींनी पोट उघडले. “हिला ऊन कोणी दाखवलं?”

“मीच ठेवं व्हतं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “माले कोनी सांगं नही.”

मगनभाऊ खाली बघू लागले. मग त्यांनी दुसऱ्या एका मोठ्या बॅटरीकडे बोट दाखवून विचारले, “ती जास्त जोरनी शे ना? तीच टाका.”

“जोर जास्त झाला तर बल्ब जळेल, आणि तुमचा चार्जर तिला चालणार नाही. हिच्या मापाचीच घ्या,” शेठजी म्हणाले. फुगलेली बॅटरी त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली. ती फोडायची नाही, चुलीतही टाकायची नाही म्हणाले. मग मला कसे वापरायचे ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. या वेळी ते प्रमिलाबाईंकडे बघून बोलत होते.

आता माझा रंग उडाला आहे, काचेला तडा आहे. पण मी सावलीत खुंटीवर आहे आणि शेजारी तो आरसा आहे. परवा हिलालची नवी नवरी पापड घेऊन छपरावर निघाली होती. जाता जाता तिने मलाही उचलले. प्रमिलाबाईंनी तिच्या हातातून मला हळूच काढून घेतले.

“पापड ऊनमा, बॅटरी सावलीमा,” त्या म्हणाल्या. आणि पापड तसेच ठेवून, तिला शेजारी बसवून, त्यांनी विहिरीची गोष्ट सांगितली. पोरीचा चेहरा उतरला. तिने मला पदराने पुसले आणि खुंटीला अडकवले.

मित्रांनो, आम्हाला जपा, आणि कसे जपायचे ते घरातल्या सगळ्यांना सांगा. माझ्या उजेडात कोणाचा पाय कुठे पडणार आहे, हे मला आधी कळत नाही.