रकाना अकरा : निरंक

एकवीस वर्षं मी लोकांच्या चारित्र्याची चौकशी करतोय, आणि माझं स्वतःचं डोकं मात्र कधी ठिकाणावर नसतं. जळगावला पोलिसांच्या विशेष शाखेत हवालदार आहे. सरकारी नोकरीला निवडलेल्या पोरापोरींचे अर्ज माझ्याकडे येतात. गावात जायचं, चार लोकांना विचारायचं, अहवाल लिहायचा. ऑफिसातले म्हणतात, तोताराम भाऊ खोटं ऐकलं की सोड्याच्या बाटलीसारखे फसफसतात. बरोबर म्हणतात.

त्या दिवशी पारोळा तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. सुलक्षणा, वय चोवीस, रसायनशास्त्रात एम.एस्सी. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात, दारूगोळा तपासायच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. हजारो अर्जांतून अकरा जण घेतले, त्यातली ही एक. माझा अहवाल नीट गेला तर तिला आत जायची परवानगी मिळणार, नाही गेला तर निवड रद्द.

अर्जातल्या अकराव्या रकान्यात विचारलं होतं, कुठल्या बँकेचं किंवा संस्थेचं कर्ज थकलं आहे का? तिनं सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'निरंक'. आणि माझ्या पिशवीत बुडालेल्या एका पतसंस्थेच्या थकबाकीदारांची यादी होती. त्यात त्रेचाळिसावं नाव तिचं. शिक्षणासाठी घेतलेले एक लाख, सहा वर्षांपूर्वीचे, हप्ते भरलेले फक्त चार.

आता कर्ज थकलं म्हणून कोणी देशद्रोही होत नाही. थकबाकी स्वतःहून लिहिली, कशी फेडणार ते सांगितलं, तर साहेब लोक बहुतेक वेळा पुढे जाऊ देतात. लपवणाऱ्याची गोष्ट वेगळी. ज्याचं काही झाकलेलं असतं, त्याला उद्या कोणीही गाठून म्हणू शकतो, माझं एवढं काम कर, नाहीतर सांगून टाकीन. दारूगोळ्याच्या ठिकाणी असा माणूस कोण ठेवेल?

पण हे गावाला कोण समजावणार! आमच्याकडे चौकशीला आलेला माणूस म्हणजे सोयरिकीला आलेला माणूस. त्याला आधी चहा पाजायचा आणि मग पोरीचे गोडवे गायचे. पोरीचं वाईट सांगणं म्हणजे तिच्या ताटात माती कालवणं. मी पारावर बसलो आणि तेच सुरू झालं. सरपंच म्हणाले, पोरगी सोन्याची. दुकानदार लालचंद शेठ म्हणाले, उधारी हा शब्द या घराला माहीत नाही. पोलीस पाटील तर खोटं बोल पण रेटून बोल या जातीचा. त्यानं लेखी देऊ का, म्हणून विचारलं. मी द्या म्हटलं. दिलं बेट्यानं! एकेक जण मोठ्या प्रेमानं त्या पोरीचा गळा आवळत होता, आणि वर मला बिस्किटं खाऊ घालत होता.

शेवटी तिच्या शेजारच्या सुंदरबाईंकडे गेलो. अंगणवाडीत मदतनीस म्हणून हाडं झिजवलेली बाई. त्याही म्हणाल्या, एक पैसा देणं नाही. तेव्हा मात्र माझा तोल गेला, कारण माझ्या पिशवीत पतसंस्थेच्या ठेवीदारांचीही यादी होती आणि तीत त्यांचं नाव होतं. त्याच पतसंस्थेत त्यांचे निवृत्तीचे दीड लाख अडकले होते. लोक कर्ज फेडत नाहीत म्हणून ठेवी परत मिळत नाहीत. मी आवाज चढवून म्हणालो, अक्का, तुमचेच पैसे शेजारच्या घरात बसलेत आणि तुम्हीच त्यांच्यावर पांघरूण घालता?

त्या शांतपणे म्हणाल्या, "मन्हा पैसा बुडनात ते बुडनात, भाऊ. पोरगीले कसाले बुडाडू?"

स्वतःचे बुडाले तरी पोरीला बुडवायला बाई तयार नव्हती. राग कुठे काढायचा तेच कळेना.

मग सुलक्षणाच्या घरी गेलो. नवीन स्लॅब, अंगणात ट्रॅक्टर. तिचे वडील कौतिक नाना खुर्चीवर ऐसपैस बसले होते. मी यादी पुढे ठेवली. नाना हसले. म्हणाले, "बुडेल पतसंस्थानं कसानं देनं? बठ्ठा गावनी सोडी दिन्हं." संस्था बुडाली म्हणजे कर्जही बुडालं, सगळ्या गावानं सोडून दिलं, असा त्यांचा हिशोब. ऐपत होती, दानत नव्हती. आणि त्या दानतीची किंमत पोरगी भरणार होती.

मी नानांना बाजूला ठेवून तिच्याशी बोललो. म्हणालो, बाई, तुझ्या हातानं एक कागद लिहून दे. कर्ज आहे, चुकीचं लिहिलं, अमुक महिन्यांत फेडते. मी तो अहवालाला जोडतो. खात्री देत नाही, पण वाट आहे. एवढं मी आजवर कोणासाठी केलेलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद घेतला, पेन घेतलं, आणि बापाकडे बघितलं. नाना तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले.

ती लिहीत राहिली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, लिही, खरं लिही, एवढी हुशार आहेस.

कागद हातात आला. 'सदर कर्जाबाबत मला कोणतीही माहिती नव्हती. माझी सही कोणीतरी केली असावी.'

कर्जाच्या अर्जाची प्रत माझ्याच पिशवीत होती. तेच सुंदर अक्षर, तीच सही. मी ती प्रत तिच्यासमोर धरली. ती खाली बघत राहिली. नाना म्हणाले, साहेब, एवढं काय ताणता, मी कालच्या काल भरले असते. मी ओरडलो, "मग का नाही भरले?" मी दोन्ही कागद अहवालाला जोडले आणि उठलो. आता माझ्याही हातात काही उरलं नव्हतं. इतकी शिकलेली, इतकी गुणी पोर, आणि एका ओळीसाठी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मोटारसायकलीला किक मारली तेवढ्यात सुंदरबाई दारातून पुढे आल्या. पदर सावरत त्यांनी विचारलं, "भाऊ, मी बरं सांगं ना? पोरगीनं काम व्हयी ना?"

"होईल, अक्का," मी म्हणालो.