एकेचाळीस श्वास

ओक ग्यूतेक गेले तीन आठवडे घोरला नव्हता आणि त्याची बायको त्यावर बेहद्द खूश होती. "सव्वीस वर्षांनी सुखाची झोप लागतेय मला," सकाळी मुळ्याची किमची वाढता वाढता ती म्हणाली, "काय औषध घेतलंत ते सांगून ठेवा, ताईच्या नवऱ्यालाही देऊ." ग्यूतेक हसला नाही. त्याला आज नवा हेडफोन घ्यायचा होता, आणि जुना चांगला असताना नवा कशाला, हे तो घरात सांगू शकत नव्हता.

ग्यूतेकचा धंदा मिक्सिंगचा. गायकाचा आवाज, वाद्यं, सगळं वेगवेगळं ध्वनिमुद्रित होऊन त्याच्यापुढे येई आणि तो त्याचं एक गाणं करून देई. त्यातही सोलमधल्या कंपन्या त्याचं नाव घेत ते श्वास कापण्यासाठी. गाणारा माणूस दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतोच, तो माईकमध्ये येतोच. बाकीचे तंत्रज्ञ तो थोडा हलका करून सोडून देत, ग्यूतेक मात्र मुळासकट उपटून काढी, आणि तेही असं की ऐकणाऱ्याला तिथं काही होतं असा संशयही येऊ नये.

अकरा वर्षांपूर्वी प्यो सेरिनच्या गाण्यातून त्यानं एकेचाळीस श्वास कापले होते. ती मागच्या सोफ्यावर मांडी घालून संत्री खात बसली होती. चोवीस वर्षांची पोर, जिभेला हाड नाही. "काका, सगळेच काय कापताय? एखादा तरी ठेवा की माझ्यासाठी."

"ठेवला तर गाणं मळेल, पोरी," तो म्हणाला होता, आणि एकेचाळिसावाही कापला होता.

गाणं तुफान चाललं. ही मुलगी माणूस नव्हेच, श्वास न घेता गाते, असं लोक कौतुकानं म्हणत. पुढे तीन आठवड्यांनी एका दुपारी, कार्यक्रमाला जाताना गाडीत तिचा डोळा लागला, आणि ती उठलीच नाही. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. ग्यूतेक अंत्यदर्शनाला गेला, फोटोसमोर दोनदा वाकला, तिथलं मांसाचं तिखट सूप प्यायला आणि परत येऊन कामाला बसला. या दोन गोष्टींचा संबंध त्यानं कधी जोडला नाही. शहाणा माणूस जोडेल तरी कसा? उलट तेच गाणं त्यानं पारखायला ठेवलं. हेडफोन असो की स्पीकर, प्रत्येक तंत्रज्ञ आपलं एक पाठ असलेलं गाणं लावूनच तो जोखतो, आणि ग्यूतेकला या गाण्यातला कण न् कण पाठ होता.

तीन आठवड्यांपूर्वी त्या गाण्यात, शेवटच्या कडव्याच्या आधी, त्याला एक श्वास ऐकू आला.

हेडफोनची गादी झिजली असेल, तार सैल झाली असेल, असं त्यानं मनाला समजावलं. कारण दुसरं उत्तर एकच होतं. कान गेले. चोपन्नाव्या वर्षी नसलेले आवाज कानांना ऐकू यायला लागले तर पुढे काय? आत्ताच उन्हाळ्यात त्याच्या बरोबरीच्या एका तंत्रज्ञाला कंपनीनं गोड बोलून कायमचं घरी बसवलं होतं. आणि एका नव्या गायिकेचं पहिलं गाणं ग्यूतेकला येत्या गुरुवारी द्यायचं होतं. म्हणून तो सोमवारी सकाळीच नाकवोनच्या वाद्यबाजारात, तिसऱ्या मजल्यावरच्या बांग माल्जाच्या दुकानात शिरला. माल्जामावशी एकाहत्तर वर्षांची, त्याला उमेदवारीच्या दिवसांपासून ओळखणारी आणि जिभेनं धारदार.

"आलास? मला वाटलं मेलास," ती जवाचा गरम चहा पुढे सरकवत म्हणाली. "काय हवं?"

"खरं ऐकवणारा हेडफोन. कामासाठी."

"खरं कुणाला सोसतंय रे? बस."

तिनं आधी कानावर गच्च बसणारा, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारा हेडफोन दिला. ग्यूतेकनं गाणं लावलं. सेरिनचा आवाज समोर येऊन उभा राहिला, आणि पहिल्या कडव्यात एक, दुसऱ्यात एक आणि शेवटी एक, असे तीन श्वास आले. त्यानं तो उतरवून ठेवला. दुसरा मागून उघडा होता, जाळीचा. त्यात गाण्याला खोलीभर मोकळी जागा मिळत होती. त्यात एकोणीस आले. हा श्वास ओळीच्या आधीचा, हा हसू दाबतानाचा, हा संत्र्याची फोड गिळल्यानंतरचा. आपण कापलेली प्रत्येक गोष्ट ग्यूतेक ओळखत होता. तरी तो थांबला नाही. मावशीनं काचेच्या कपाटातून दुकानातला सगळ्यात महागडा, सगळ्यात प्रामाणिक हेडफोन काढला, त्यानं तो चढवला आणि डोळे मिटून बोटांवर मोजत राहिला. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

कुणीतरी त्याला गदागदा हलवलं. "अरे, श्वास घे! ओठ निळे पडलेत तुझे!"

गाणं संपलं होतं. चार मिनिटांचं गाणं. ग्यूतेकनं तोंड उघडून हवा ओढली. ती आत जायला फार वेळ लागला.

"मावशी, तुम्ही ऐका," तो कसाबसा म्हणाला. "ती कुठे श्वास घेते का, तेवढं सांगा."

मावशीनं सगळं गाणं ऐकलं. "कुठेच नाही. तुझीच तर कारागिरी ही." मग तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि तिला कळलं, याला स्वतःच्या कानांचाच संशय आलाय. तिनं त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि त्याच्या पाठीमागे एकेक वस्तू टेबलावर टाकू लागली.

"गिटारची पिक," ग्यूतेक म्हणाला. "स्क्रू. केसातली पिन. हा तुमचा गुडघा वाजला."

"मेल्या, कान तर ठणठणीत आहेत तुझे!"

जिवात जीव यायला हवा होता, तो आला नाही. कान बिघडले असते तर निदान डॉक्टरकडे जाता आलं असतं.

दाराशी, पोरांसाठी ठेवलेल्या स्वस्त मालात, एक जाडजूड काळा हेडफोन लटकत होता. ग्यूतेकनं तो सहज चढवला. ढोल घुमला, आवाज मधात घोळल्यासारखा झाला, आणि त्या गोडव्याखाली सगळे बारीक आवाज बुडून गेले. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही श्वास नाही. त्याचे डोळे भरून आले.

"हा देताय?"

"हा? मिक्सिंगला? तू?" मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरे, हा गोडबोल्या आहे. सगळं छान छान सांगेल आणि गाणं कंपनीत गेल्यावर तोंडघशी पाडेल. आयुष्यभर दुसऱ्यांना हेच शिकवलंस ना?"

"हाच द्या, मावशी."

तीन दिवस मोठ्या सुखाचे गेले. त्या गोड अंधारात बसून ग्यूतेकनं नव्या गायिकेचे श्वास एकामागून एक कापले, हात पूर्वीसारखाच चालत होता, आणि आपण उगाच घाबरलो असंही त्याला वाटून गेलं. बायको रोज टवटवीत उठत होती. गुरुवारी सकाळी त्यानं गाणं पाठवलं. दुपारी तो शेवयांचं गार सूप पुढे घेऊन बसला असताना कंपनीतल्या हानुलचा फोन आला. पोरगी हुशार, त्याच्याच हाताखाली शिकून गेलेली.

"सर, झकास! मानलं तुम्हाला. एकही श्वास कुठे ठेवला नाहीत."

ग्यूतेकनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं.

"फक्त शेवटी एक राहिलाय," हानुल म्हणाली. "गाणं संपल्यानंतर. आम्ही तीन हेडफोनवर ऐकला, अगदी स्वच्छ येतो. आणि गंमत म्हणजे तिचा नाहीये तो, सर. पुरुषाचा आहे. वयस्कर माणसाचा, जरासा घोरल्यासारखा. मूळ ध्वनिमुद्रणात शोधला, तिथे नाही. तुम्ही मुद्दाम घातलात का?"

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. बायको काहीतरी गुणगुणत होती.

"नसेल तर राहू द्या, तुम्हाला पुन्हा त्रास नको. एवढासा तर आहे. मीच कापून टाकते."

तेवढा एक ठेव, माझ्यासाठी, असं ग्यूतेकला म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. पण बोलायला आधी श्वास घ्यावा लागतो, आणि छाती हलेना. त्यानं एका हातानं टेबल घट्ट धरलं, सुपाचा वाडगा कलंडला, नळ वाहतच राहिला.

"हॅलो? सर, तुमचा आवाज येत नाहीये," हानुल म्हणाली. "बरं, कापते हं मी."