रिकाम्या लिफ्टमध्ये जागा नाही

"जागा नाही, बाई. पुढच्या फेरीला या," असं म्हणून माझ्या बाबांनी मेंदूच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर लिफ्टचं दार ओढलं. आत चिटपाखरू नव्हतं!

बाबा या हॉस्पिटलचे लिफ्टमन, मी इथेच एक्स-रे विभागात. पंधरा दिवस हेच चाललं होतं. म्हातारा पिऊन येतो, असं सुपरवायझरने सगळीकडे पसरवलं होतं. जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आज त्यांना काढल्याचं पत्र मिळणार होतं. नोकरीचं बाबांना फारसं काही नव्हतं, पण 'दारुडा' हा शब्द जिव्हारी लागला होता.

बाई चिडल्या नाहीत. दार धरून त्यांनी विचारलं, "किती जण आहेत आत?"

"पाच. त्यात दोन लहान मुलं. बोलत नाही कोणी." बाबा ओशाळले. "नसतीलही. पण मला दिसतात."

बाईंचे डोळे लकाकले. "झोपेत ओरडतात? हातपाय झाडतात?"

"दहा वर्षं!" बाईंच्या मागून मी ओरडलेच. "लाथा खाऊन आईने वेगळी खाट घेतली!"

"चालताना पाय घासतात? एक दिवस तल्लख, एक दिवस हरवलेले?"

"हो, हो!"

"डोकं शांत करायची गोळी दिली कोणी?"

"एकच दिली. दोन दिवस लाकडासारखे ताठ झाले होते."

"पुन्हा द्यायची नाही!" त्यांनी बाबांना तिथूनच तपासायला नेलं. तासाभराने नाव सांगितलं, लेवी बॉडीचा आजार, मेंदूचा; यात नसलेली माणसं दिसतात, हळूहळू आठवणही जाते. अजून सुरुवात होती. वाढत जाईल, पुरता बरा होणार नाही. मी ऐकलं सगळं, पण खरं सांगू, मला नाचावंसं वाटत होतं. बाबा प्यायलेले नव्हते, आणि आता तसं लेखी होतं!

लिफ्टशेजारच्या टेबलावर, सुपरवायझरपुढे, मी बाईंची चिठ्ठी आपटली. वाचून तो वरमला. "पण मग यांना लिफ्टवर ठेवताच येणार नाही."

माझं अवसानच गळालं. एवढं साधं मला सुचलं कसं नाही?

"नका ठेवू," बाबा म्हणाले. "कारण तेवढं बदलून लिहा."

त्याने लिहिलं. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग माझ्याकडे दिला. "अक्षरं हलतात. तू वाच. मोठ्याने."

लिफ्टसाठी आया, वॉर्डबॉय, सिस्टर ताटकळत होत्या. मी वाचलं, "दारूचा आरोप खोटा होता. आजारपणामुळे कामातून मुक्त."

बाबांचा चेहरा काय उजळला! "वाच की आता," ते म्हणाले.

आवडलं म्हणून, की वाचलेलं विसरले म्हणून, मला कळेना. मी आणखी मोठ्याने वाचलं.