गाल झिजला, केस तसेच

संग्रहालयात बाईंना पाठीमागे सगळे अंबाडाबाई म्हणत, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. झिजलेल्या रोमन नाण्यावर नाव उरत नाही, नाक उरत नाही; उरलाच तर केसांचा थोडा घाट. तेवढ्यावरून ही कुठल्या सम्राटाची बायको, ते बाई सांगायच्या. बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या तरी पुढच्या बाईची केशरचना बघून मनातल्या मनात तिचं शतक ठरवायच्या. खोड ती खोड.

कामाची पद्धत ठरलेली. मातीने माखलेलं नाणं आलं की बाई भिंगातून बघत आणि मोठ्याने म्हणत, "ही ल्युसिला असणार." मग नाणं जाई शेजारच्या टेबलावर, धाकट्या भावाकडे. आई गेल्यावर बाईंनीच त्याला वाढवला, इथे चिकटवला. तो सुईने माती खरवडून काढी, आणि नाणं परत येई तेव्हा ल्युसिलाच असे. बाईंचा अंदाज कधी म्हणून चुकला नाही. बाहेरचे तज्ज्ञ तोंडात बोटं घालत, बाई नाक वर करून चालत. का चालू नये?

त्यातच गेल्या वर्षी मान्लिया स्कांतिल्ला सापडली. नवरा गादीवर जेमतेम दोन महिने टिकला, त्यामुळे हिची नाणी मुळातच थोडी. उद्या तिच्यासाठी नवं दालन उघडायचं होतं आणि दारावर बाईंचं नाव लागणार होतं.

दुपारी फोटोवाला आला. त्याने बाजूने दिवा लावून स्कांतिल्लाच्या नाण्याचा फोटो काढला आणि पडद्यावर ताटाएवढा करून दाखवला.

"केस काय सुरेख आलेत," तो म्हणाला. "गाल मात्र पार गेलाय."

बाई हसल्या, आणि ते हसू तिथेच थिजलं. नाणं आधी उंचवट्यावर झिजतं. कानावरचे केस गालाइतकेच उंच. मग गाल सपाट झाला आणि त्याला खेटून केसाची रेघन् रेघ धारदार राहिली, हे कसं? अहो, हे टाकसाळीचं काम नव्हतंच. सुईचं होतं.

फोटोवाला सामान आवरून गेला तशा त्या भावाच्या टेबलापाशी आल्या.

"हे केस तू कोरलेस?"

नाही म्हणाला असता तर बाईंनी मुकाट्याने मानलं असतं, इतकं त्यांना ते 'नाही' हवं होतं.

"हो, ताई."

"का रे?"

"तू म्हणालीस, स्कांतिल्ला असणार. माती काढली तर डोकं नुसतं गुळगुळीत. तुझं तोंड उतरलेलं मला बघवत नाही."

"हे एकच ना?"

त्याने नाण्यांच्या कपाटाकडे बघितलं आणि मान खाली घातली. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. संतापावं तर कोणावर? कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि खाल्लं तेही मायेपोटी.

"माझा एक तरी अंदाज खरा निघाला होता का?"

तो खरोखरच विचार करायला लागला. बाईंना ते सगळ्यात जास्त लागलं.

"थोरल्या फाउस्टिना खऱ्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "सगळ्या."

फाउस्टिना नावाच्या राण्या दोन; थोरलीचा अंबाडा डोक्याच्या पार वर असतो. तिला पहिल्या दिवशी कामावर आलेला माणूसही ओळखतो.

बाईंनी संग्रहालयाच्या साहेबांना फोन लावला. उद्या दालन उघडू नका, नाणी खोटी आहेत, केस मागाहून कोरलेत, म्हणाल्या.

"कुठली नाणी?" साहेबांनी विचारलं.

भावाने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"थोरल्या फाउस्टिना तेवढ्या राहू द्या," त्या म्हणाल्या. "बाकी सगळी."