पोपड्याची फीत

“तुम्ही भेकड आहात. तीन ओळींचं उत्तर पाठवता आणि खाली नाव घालायची तुमची छाती होत नाही. लिहिलंस?”

“लिहितेय, बाबा.”

“भेकड लिहिलंस ना? का गाळलंस?”

“लिहिलं.”

“वाच बघू.”

तिने वाचलं. ‘भेकड’ हा शब्द आला तेव्हा तिने लॅपटॉपचा पडदा उगीचच बोटभर मागे ढकलला. खिडकीशी खुर्चीत बसलेल्या बाबांनी मान हलवली. त्यांचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. दोन वर्षांपूर्वी झटका आल्यापासून त्यांचे शब्द तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होत आणि तिथून एकेक करून बाहेर पडत. पण हे पत्र ते सकाळपासून मनात घासत होते, त्यामुळे आज कुठे अडत नव्हते.

“स्पर्धा होऊन गेली की हो. आता पत्र पाठवून काय मिळणार?”

“मला प्रवेश नकोच आहे आता. मला जाब हवाय. पुढे लिही. ‘तुम्ही म्हणता, साठीच्या पुढच्यांना आम्ही जोडीच्या स्पर्धेत घेत नाही. का? साठी झाली की बटणं दाबता येत नाहीत, की बघणाऱ्यांना बघवत नाही?’”

तिची बोटं थांबली.

“काय झालं?”

“काही नाही. अक्षर चुकलं.”

अक्षरबिक्षर काही चुकलं नव्हतं. साठीच्या पुढच्यांना प्रवेश नाही, असा नियम त्या स्पर्धेत नव्हताच. कुठल्याही समितीने तो केला नव्हता. तो हिने केला होता, दीड महिन्यापूर्वी, याच टेबलाशी वाटाणे सोलता सोलता, आणि मान वर न करता बापाला सांगूनही टाकला होता. बाबांनी पहिलं पत्र अगदी नम्र लिहवून घेतलं. समितीचा पत्ता म्हणून हिने स्वतःचाच एक जुना, वापरात नसलेला ईमेल दिला. मग दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये, एका हातात चहाचा पेला धरून, समितीच्या वतीने उत्तरही हिनेच लिहिलं. ‘आपले पत्र मिळाले. नियमात बदल करणे शक्य नाही. कळावे.’ चहा निवायच्या आत काम झालं. खोटं एकदा सुरू झालं की त्याला फार वेळ लागत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

बाबांनी ते उत्तर दोनदा वाचून घेतलं होतं आणि एवढंच विचारलं होतं, “खाली नाव कुणाचं?”

हा खेळ त्यांच्या हातात दिला होता तोही तिनेच. बोटांना व्यायाम हवा म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. तो त्यांनी चौथ्या दिवशी खिडकीबाहेर भिरकावला. म्हणाले, “मी काय कुत्रा आहे?” मग तिने आपलं जुनं खेळाचं यंत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यात शेकडो चित्रविचित्र जीव. पाळायचे, शिकवायचे, आणि दुसऱ्याच्या जिवांशी झुंजवायचे. कोण किती जोरकस ते बघून त्यांच्या पायऱ्या लावलेल्या. वरच्या पायरीवर ज्वाळा ओकणारे, पंखवाले, दिसायला देखणे. शेवटच्या पायरीवर उरलासुरला गाळ.

“हे खालचे कोण खेळवतं?” बाबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

“कुणीच नाही.”

“का?”

“शेवटच्या पायरीतले आहेत ना.”

“पायरी कोण लावतं?”

“आहेत काही लोक. दर तीन महिन्यांनी यादी काढतात.”

“त्यांनी हे खेळवून बघितलेत?”

बाबांनी तेहतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये लेथ चालवलं होतं. तिथे कापून उरलेल्या तुकड्यांची एक पेटी असे, भंगारात जाणारी. बाबा रोज सकाळी आधी त्या पेटीत हात घालत. कुठल्या तुकड्यातून काय निघेल, हे मोजल्याशिवाय बोलायचं नाही, अशी त्यांची शिस्त. तीच त्यांनी इथे लावली. दुकानातून वही आणवली, डाव्या हाताने पेन धरलं, आणि पहिल्या पानावर मुंग्या चिरडल्यासारख्या अक्षरांत लिहिलं : पोपडा.

पोपडा म्हणजे भिंतीचा निघालेला पोपडाच, त्याला दोन डोळे. अख्ख्या खेळात त्याच्याइतका संथ जीव नाही. जो तो आपल्या जिवाचा वेग वाढवायच्या मागे, आणि हा गृहस्थ चार महिने बसून पोपड्याचा वेग आणखी कमी करतोय! पोपड्यामागून पोपडे वाढवले, एकशे सत्तरच्या वर वहीत नोंदले, आणि त्यातला सगळ्यांत मंद निवडला. कारण त्या खेळात ‘उलटा डाव’ नावाची एक युक्ती आहे. ती टाकली की पुढच्या पाच पाळ्या जो सगळ्यांत संथ तो आधी वार करतो. युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. पण त्यासाठी मुद्दाम संथ होत बसायला कुणाला वेळ होता?

“चिंगे,” बाबा म्हणाले होते, “आता हा जगातला सगळ्यात हळू आहे. आता याला कोण गाठतंय?”

ती छत्तीस वर्षांची होती, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासत होती, हाताखाली चार माणसं होती. घरात चिंगीच.

पोपड्याच्या जोडीला ओलगठ्ठा आला, खुंटी आली. सगळे शेवटच्या पायरीचे मानकरी. खेळांच्या दुकानाच्या माडीवर रविवारी सकाळी सराव चाले. तिथे बापलेक जोडीने खेळायचे, तीन जीव त्यांचे, तीन हिचे. पहिल्या रविवारी लोक हसले. तिसऱ्या रविवारी हसणारे हरले. सहाव्या रविवारी पोरंपोरी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून बघायला लागली, आणि त्यांतच तो एक्स-रेवाला होता. तिच्याच रुग्णालयात एक्स-रे काढायचा, वरच्या पायरीतले सगळे जीव त्याच्याकडे, आणि खेळायचाही झक्क.

त्याच्या देखतच ते झालं. चाल करायला पंचेचाळीस सेकंद मिळतात. बाबांचा अंगठा बटणावर आखडला. उजवा खांदा वर चढला, तोंड वाकडं झालं, आणि लाळेची एक तार सुटून सरळ पडद्यावर उतरली. चष्म्यातली एक मुलगी अगदी मायेने म्हणाली, “सावकाश काका, घाई नाही.” एक्स-रेवाला छताच्या पंख्याकडे बघत राहिला.

तिने रुमाल काढला. पण आधी माडीभर नजर फिरवली, कोण कोण बघतंय ते. मग पुसलं.

ती नजर बाबांनी बघितली का, हे तिला अजून माहीत नव्हतं. विचारण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेवाला प्रयोगशाळेच्या दारात आला. “ताई, स्पर्धेला काकांना जमेल ना? म्हणजे, दिवसभर बसायचं, गर्दी. नाहीतर मी आहेच.”

“नाही, त्यांना नाही झेपणार,” ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की जणू शब्द ओठांवरच ठेवले होते.

“पण ताई, पोपडा लागेल हं. काकांचाच. तसा दुसरा नाही कुणाकडे.”

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ‘यंत्रात नवीन सुधारणा भरून आणते’ म्हणून तिने बाबांचं यंत्र नेलं आणि पोपडा आपल्याकडे वळता केला. रविवारी ड्युटी लागलीय, म्हणाली. बाबांनी डबा कोण देणार एवढंच विचारलं. हॉलमध्ये चारशे माणसं होती. उपांत्य फेरीत एक्स-रेवाल्याचे पंखवाले एकामागून एक कोसळले, हिचेही गेले, आणि शेवटी एकटा पोपडा उरला, समोर दोन ज्वाळावाले. त्याने दोघांनाही झोपवलं. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. अंतिम सामना मग ते हरले, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. निवेदकाने माइक तिच्या तोंडासमोर धरला.

“अहो, हे भिंतीचं ढेकूळ इतकं तयार केलं कुणी?”

“मी,” ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. एक्स-रेवाल्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो परत पंख्याकडे बघत होता.

त्याच संध्याकाळी पोपडा बाबांच्या यंत्रात परत गेला. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

“कुठे हरवलीस?” बाबा म्हणाले. “शेवटचा परिच्छेद राहिलाय. थांब. आधी ते यंत्र दे इकडे.”

तिने दिलं. बाबांनी डाव्या हाताने ते मांडीवर नीट टेकवलं. अंगठा एकदा घसरला, दोनदा घसरला. ती पुढे झाली तसं त्यांनी यंत्र बाजूला घेतलं. तिसऱ्यांदा जमलं. पडद्यावर पोपडा आला, डोळे मिचकावत.

“ही फीत कसली गं? आधी नव्हती.”

पोपड्याच्या नावाखाली एक निळी फीत होती, नखाएवढी. अधिकृत स्पर्धेत उतरलेल्या जिवाला खेळ आपोआप फीत बांधतो, तारखेसकट, आणि ती काढता येत नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या जिवांना अशा पंधरा-वीस फिती होत्या, सगळ्या खेळणाऱ्यांच्या असतात, कोण बघतो? शेवटच्या पायरीतल्या जिवाला मात्र आजवर एकही नव्हती. आणि बाबा रोज सकाळी तोंड धुतल्यावर एकेकाचं पान उघडून बघत, लेथवर हात फिरवून बघत तसे.

ती लॅपटॉपच्या कळांवरचे खरकटे कण टोकरायला लागली.

“रविवारची तारीख आहे,” बाबा म्हणाले.



बाहेर कुणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मोटार चारदा खोकली आणि बंद पडली. बाबा ओरडतील, यंत्र टाकतील, निदान तोंड फिरवतील, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“कसा खेळला?” बाबांनी विचारलं.

तिला आधी ऐकूच आलं नाही. “काय?”

“पोपडा. कसा खेळला म्हणतोय.”

“शेवटपर्यंत उभा होता,” ती म्हणाली. “सगळे पडले, बाबा. हा एकटा राहिला. समोर दोघं ज्वाळावाले. दोघांनाही पाडलं.”

“उलटा डाव कधी टाकलास?”

“तिसऱ्या पाळीला.”

“उशीर केलास. मी दुसऱ्या पाळीलाच टाकला असता.” त्यांच्या तोंडाची चालती बाजू जराशी वर गेली, आणि तशीच हळूहळू खाली आली. “लोक काय म्हणाले?”

“उभे राहिले. खुर्च्यांवर चढले.”

“पोपड्यासाठी?”

“पोपड्यासाठी.”

बाबांनी बोटाच्या पेराने पडदा पुसला, जिथे काही लागलेलं नव्हतं. मग यंत्र बंद करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, वहीच्या वर, कडेला कड जुळवून.

“विचारलं असेल ना कुणी, की हा घडवला कुणी म्हणून?”

“विचारलं.”

“मग?”

तिने तोंड उघडलं. पंचेचाळीस सेकंद तर सहज गेले असतील. बाबा वाट बघत राहिले. त्यांना वाट बघायची सवय होती. तिला मात्र बापाच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ती त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती.

“बरं,” बाबा म्हणाले. “लिही मग शेवटचं. ‘आमचा पोपडा तुम्हाला चालला. तो ज्या हातांनी घडवला ते हात चालले नाहीत. ते का, एवढंच मला सांगा. नियम सांगू नका. नियम कसे होतात ते मला कळलं आहे.’”

कळांचा आवाज येत होता. मधेच तो थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

“पत्ता तोच घालू का, बाबा?” तिने अगदी हळू विचारलं.

“तोच. बरोबर पोचतं तिथे.” बाबांनी डावा हात उचलून उजव्यावर ठेवला आणि दाबून धरला. “खाली लिही. ‘उत्तर द्या. आणि या वेळी खाली नाव घाला.’”

खोलीत कळांचा आवाज नव्हता.

“लिहिलंस, चिंगे?”